दोन मिनिटांची एक फेरी: रे हॅरूनचं टायरांचं गणित

अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा मोटारशर्यतीचा ट्रॅक अडीच मैलांचा आहे. ताशी ७५ मैल वेग धरला तर एका फेरीला बरोबर २ मिनिटं लागतात. ५०० मैलांच्या २०० फेऱ्या, म्हणजे ४०० मिनिटं, म्हणजे ६ तास ४० मिनिटं. ३० मे १९११ रोजी तिथली पहिली ५०० मैलांची शर्यत रे हॅरूननं जिंकली, त्याची नोंदलेली वेळ आहे ६ तास ४२ मिनिटं ८ सेकंद. टायर बदलायला थांबला, मधे गाडी दुसऱ्या चालकाच्या हातात दिली, पुन्हा स्वतः बसला, आणि एवढं सगळं करून दोन मिनिटांच्या फेरीच्या हिशेबापासून तो अख्ख्या शर्यतीत २ मिनिटं ८ सेकंदच ढळला. शंभर वर्षांहून आधी, विटांच्या ट्रॅकवर, कापडी टायरांवर केलेली ही कामगिरी आहे.

हॅरूनचं नाव निघालं की बोलणं आरशाकडे वळतं. गाडीला मागचं बघायचा आरसा लावणारा तो, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. आरशाकडे येऊच, पण ती शर्यत आरशामुळे जिंकली गेली नाही. ती टायरांनी जिंकली, आणि टायर टिकले ते हॅरूननं वेग ठरवून धरला म्हणून.

हॅरूनचा जन्म १२ जानेवारी १८७९ चा, पेनसिल्व्हेनियातल्या स्पार्टन्सबर्गचा. १९०३-०४ च्या सुमारास शिकागो ते न्यूयॉर्क मोटारीनं कमीत कमी वेळात जाण्याचे विक्रम व्हायचे. त्यात कोलंबिया गाडी पाळ्या लावून रात्रंदिवस हाकणाऱ्या चमूत तो होता. पुढे तो इंडियानापोलिसच्या नॉर्डाइक अँड मार्मन कंपनीत इंजिनिअर आणि शर्यतीचा चालक अशी दोन्ही कामं करू लागला. ही कंपनी मुळात पिठाच्या गिरण्यांची यंत्रं बनवणारी. हॉवर्ड मार्मन यानं तिथे मोटारी सुरू केल्या. हॅरून बुटका, शांत आणि कागद-पेन्सिल घेऊन बसणारा, म्हणून त्याला 'लिटल प्रोफेसर' म्हणायचे. १९१० मध्ये त्यानं इंडियानापोलिसला २०० मैलांची व्हीलर-शेब्लर करंडकाची शर्यत मारली. त्या वर्षाचं अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपदही त्याच्याच नावावर आहे, फक्त ते बऱ्याच वर्षांनी, जुने निकाल मोजून दिलेलं. १९१० संपताना त्यानं शर्यती सोडल्या होत्या. ५०० मैलांची शर्यत जाहीर झाली आणि कंपनीनं त्याला एका शर्यतीपुरतं परत बोलावलं.

गाडी त्याच्याच हातची. मार्मनचं नेहमीचं विक्रीचं मॉडेल होतं '३२': चार सिलिंडर, व्यास साडेचार इंच, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ५ इंच. अमेरिकेत तेव्हा इंजिनाची ताकद सांगायचा एक ठरलेला हिशेब होता. सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग करायचा, त्याला सिलिंडरच्या संख्येनं गुणायचं आणि अडीचनं भागायचं. साडेचारचा वर्ग २०.२५, गुणिले ४, भागिले २.५, उत्तर ३२.४. मॉडेलचं नाव इथून आलं. या सूत्रात स्ट्रोकही नाही आणि इंजिन किती वेगानं फिरतं तेही नाही, त्यामुळे खरी ताकद त्यातून कळत नाही, पण कुठलं इंजिन केवढं याचा अंदाज येतो. हे सिलिंडर जोडीजोडीनं ओतलेले असायचे. हॅरूननं दोनाच्या जागी तीन जोड्या लावून सहा सिलिंडरचं इंजिन केलं: ४७७ घन इंच, म्हणजे सुमारे ७.८ लिटर. शर्यतीची मर्यादा ६०० घन इंचांची होती. म्हणजे नियम देत होता तेवढं मोठं इंजिन त्यानं घेतलंच नाही. कारखान्यात रोज बनणारे, ज्यांचे गुणदोष ठाऊक आहेत असे सुटे भाग त्यानं पसंत केले. पावणेसात तासांच्या शर्यतीसाठी इंजिन निवडायची ही फार शहाणी रीत आहे, असं मला वाटतं.

बॉडी मात्र कोणाच्याच गाडीसारखी नव्हती. बाकीच्या गाड्यांत दोन माणसं शेजारी शेजारी बसायची, चालक आणि मेकॅनिक. हॅरूननं एकच बैठक ठेवली, ती मधोमध. त्यामुळे बॉडी अरुंद झाली, आणि मागे निमुळती लांब शेपटी काढता आली. पिवळा रंग आणि टोकदार शेपूट, म्हणून नाव पडलं 'वॉस्प', गांधीलमाशी. गाडीचा नंबर ३२. शर्यतीच्या दिवशी हॅरूनचं वयही ३२ होतं, हा निव्वळ योगायोग.

आता ट्रॅक. १९०९ मध्ये तो बांधला तेव्हा वर खडी आणि डांबर होतं. ऑगस्टमधल्या पहिल्याच मोटारशर्यतींत पृष्ठभाग उखडला, खड्डे पडले, दगड उडाले, आणि एक चालक, दोन मेकॅनिक, दोन प्रेक्षक असे पाच जण गेले. मालकांनी त्याच वर्षी सगळा ट्रॅक विटांनी फरसला. सुमारे ३२ लाख विटा लागल्या. चार वळणं, प्रत्येक पाव मैलाचं, आणि वळणावर बाहेरची कड उचलून ९ अंश १२ मिनिटांचा उतार दिलेला.

हा उतार पुढच्या सगळ्या हिशेबाचं मूळ आहे, म्हणून जरा सावकाश बघू. पाव मैलात ९० अंश वळायचं तर वळणाची त्रिज्या साधारण २५६ मीटर येते. एवढ्या त्रिज्येला आणि एवढ्या उताराला ताशी ४५ मैलांपर्यंत गाडी टायरवर आडवा ताण न देता आपोआप वळते. त्याच्यावरचा प्रत्येक मैल टायरनं रस्त्याला धरून तोलायचा. ७५ च्या वेगानं वळणात गेलं तर गाडी बाहेर फेकणारं बल वजनाच्या सुमारे ४५ टक्के होतं. त्यातले १६ टक्के उतार सांभाळतो, उरलेले २८-२९ टक्के टायरवर येतात. ८० नं गेलं तर फेकणारं बल ५१ टक्क्यांवर जातं. उतार तेवढाच, त्यामुळे टायरवर येतात जवळजवळ ३५ टक्के. वेग वाढला जेमतेम ७ टक्के, टायरचा आडवा भार वाढला २२ टक्के. ट्रॅक डावीकडे वळणारा, म्हणजे हा भार उजव्या बाजूच्या टायरांवर. त्यात मागच्या चाकांना इंजिनाचा रेटाही असतो. म्हणून सगळ्यात आधी बळी जातो तो मागचा उजवा टायर.

आणि ते टायर कसले होते? आत सुती कॅनव्हासचे थर, आडवे-उभे धागे विणलेलं साधं कापड, त्यावर रबर. चाक फिरताना टायरचा खालचा भाग दर फेऱ्याला दबतो आणि सुटतो. ३४ इंची टायर धरला तर ५०० मैलांत हे सुमारे ३ लाख वेळा होतं. प्रत्येक दाबाला उभा धागा आडव्या धाग्यावर घासतो, उष्णता निर्माण होते, आणि जाड रबरातून ती लवकर बाहेर पडत नाही. टायर कमी दबावा म्हणून हवा भरपूर भरायची: त्या वेळचा ढोबळ नियम होता दर इंच रुंदीला २० पौंड दाब, म्हणजे साडेचार इंची टायरला ९० पौंड. तरी उष्णता वाढतेच. ती एका मर्यादेपलीकडे गेली की थरांना धरून ठेवणारं रबर सैल पडतं. आधी वरच्या रबराला फुगा येतो. मग रबराची पट्टी सुटून उडते. खालचं कॅनव्हास उघडं पडतं, विटांच्या कडांवर दोनतीन फेऱ्यांत झिजतं, आणि आतली ट्यूब त्या जागेतून बाहेर येऊन फुटते. सोबत मेकॅनिक असेल तर तो वाकून टायर बघतो आणि कॅनव्हासचा पांढुरका पट्टा दिसला की चालकाला खूण करतो. एकट्या चालकाला हे दिसत नाही. वळणात गाडीची मागची बाजू बाहेर ओढली जाऊ लागली, हेच त्याला कळतं, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

चाचण्यांत हॅरूनच्या लक्षात आलं की ७५ च्या आसपास टायर बऱ्यापैकी टिकतो आणि त्याच्या वर गेलं की आयुष्य झपाट्यानं घटतं. मग त्यानं ठरवलं: वेग ७५, कोण पुढे जातंय ते बघायचं नाही.

हा निर्णय किती नेमका होता ते साध्या आकड्यांत बघता येतं. ८० नं फेरी पडते ११२.५ सेकंदांत. दर फेरीला साडेसात सेकंद वाचतात, २०० फेऱ्यांत २५ मिनिटं. ही कमाई मोठी आहे, ती सोडायला धीर लागतो. आता खर्च बघा. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागी, टायर बदलायला २ मिनिटं धरू. टायर पिटसमोर येऊन फुटत नाही. कुठेतरी मधेच फुटतो, आणि सरासरी अर्धी फेरी तशीच रखडत यावं लागतं. ताशी २५ मैलांनी सव्वा मैल यायला ३ मिनिटं, एरवी १ मिनिट लागलं असतं. म्हणजे इथे २ मिनिटं गेली, पिटमध्ये २ गेली. एक फुटलेला टायर म्हणजे ४ मिनिटं. जास्तीचे सहा टायर फुटले की २५ मिनिटांची कमाई जवळजवळ संपली. आणि यात टायर फुटल्यावर गाडी भिंतीला जाण्याचा धोका धरलेलाच नाही. शिवाय हवेच्या विरोधाला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते, ८० ला ती ७५ च्या मानानं २१ टक्के जास्त लागते. म्हणून पेट्रोलही जास्त, मागच्या टायरांवर रेटाही जास्त.

टायर बदलणं हेही सोपं काम नव्हतं. जुन्या पद्धतीत टायर चाकावरच पहारीनं उचकटून काढायचा, ट्यूब बसवायची, नवा टायर चढवायचा, हवा भरायची. सुट्या रिमच्या पद्धतीत हवा भरलेला टायर रिमसकट तयार असतो. जॅक लावायचा, चाकाभोवतीच्या पाचराचे नट सोडायचे, जुनी रिम ओढायची, नवी बसवायची, नट आवळायचे. चूक होते ती शेवटच्या पायरीला. घाईत एका बाजूचे नट पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूला गेलं तर रिम वाकडी बसते. चाक डुलतं, रिम हळूहळू चाकावर सरकते, आणि व्हॉल्व्हचा देठ भोकाच्या कडेला कापला जातो. टायर धडधाकट असून हवा जाते. म्हणून समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत जायचं.

शर्यतीचा दिवस. ४६ नोंदणी झालेल्या गाड्यांपैकी ४० पात्र ठरल्या. पाव मैल सरासरी ७५ नं धावून दाखवायचं, एवढीच पात्रता. सुरुवातीची जागा वेगावर नव्हती, अर्ज आला त्या क्रमानं होती, त्यामुळे हॅरून २८ वा. सकाळी १० वाजता ट्रॅकचे एक मालक कार्ल फिशर यांनी स्टॉडर्ड-डेटन गाडी पुढे घालून सगळ्यांना एक फेरी हळू आणलं आणि मग मोकळं सोडलं. पहिल्या १३ फेऱ्यांच्या आतच आर्थर ग्रायनरच्या अ‍ॅम्प्लेक्स गाडीला वळणात अपघात झाला आणि त्याच्या शेजारी बसलेला मेकॅनिक सॅम डिक्सन ठार झाला. हॅरूनच्या गाडीत शेजारी माणूस नव्हता ही गोष्ट त्या दिवशी नुसती हवेच्या विरोधाची उरली नाही.

हॅरून आपल्या वेगानं चालत राहिला. पुढच्यांचे टायर जात राहिले आणि तो एकेक करून वर आला. मधल्या टप्प्यात सुमारे ३५ फेऱ्या सायरस पॅचकी यानं गाडी चालवली. ३५ फेऱ्या म्हणजे याच हिशेबानं ७० मिनिटं. विटांवर तासन्‌तास स्टिअरिंग धरलेल्या माणसाला ती विश्रांती गरजेची होती, आणि पॅचकीनंही ठरलेली चाल मोडली नाही. त्याचं नाव विजेत्यांच्या यादीत कधी आलं नाही, हे मला खटकतं. एवढा चोख बदली चालक नसता तर दोन मिनिटांची फेरी मधेच तुटली असती.

टायरसाठी हॅरूनचे चार थांबे झाले. प्रत्येकी २ मिनिटं धरली तर ८ मिनिटं उभं राहण्यात गेली. ती वजा केली तर धावतानाची सरासरी सुमारे ७६ येते. ठरवलेला वेग ७५, धावलेला वेग ७६. शर्यतीची अधिकृत सरासरी ७४.६०२.

दुसरा आला लोझियर गाडीचा राल्फ मलफर्ड, १ मिनिट ४३ सेकंदांनी मागे. एका फेरीपेक्षाही कमी. मलफर्ड ट्रॅकवर जास्त जोरात होता, पण टायरसाठी त्याला हॅरूनपेक्षा बरेच जास्त वेळा थांबावं लागलं. ६ तास ४२ मिनिटांनंतरचा फरक एक टायर बदलण्याएवढा, यावरून दोघांचे डावपेच किती जवळ येऊन ठेपले होते ते दिसतं.

या निकालावर वाद आहे, तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. फेऱ्या माणसं मोजत होती. ८५ फेऱ्यांनंतर मुख्य सरळ भागात गोंधळाचा अपघात झाला. एका गाडीचं स्टिअरिंग निकामी झालं, तिचा मेकॅनिक ट्रॅकवर पडला, त्याला चुकवायला हॅरी नाइटनं गाडी वळवली आणि ती पिटमध्ये उभ्या गाडीवर आदळली. मोजणाऱ्यांनी जागा सोडल्या आणि त्या वेळातल्या नोंदी विस्कळीत झाल्या. वेळ मोजणाऱ्या यंत्राची तारही दिवसभरात तुटली होती. शर्यत संपल्यावर मलफर्डनं खात्रीसाठी जादा फेऱ्या मारल्या. हाताच्या मोजणीत एखादी फेरी राहिली असेल म्हणून तशी रीतच होती. तो थांबेपर्यंत विजेत्याच्या जागी हॅरून उभा होता. अधिकाऱ्यांनी रात्रभर कागद तपासून निकाल कायम ठेवला. मलफर्डच जिंकला असं म्हणणारे आजही आहेत. नोंदी बिघडल्या होत्या हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण दोन मिनिटांच्या फेऱ्यांचा हिशेब आणि हॅरूनची अखेरची वेळ इतकी जुळते की मला अधिकृत निकाल पटतो.

पहिल्या बक्षिसाचे १०,००० डॉलर होते. सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची बक्षिसं धरून १४,२५० झाले. हॅरूननं त्यानंतर शर्यतीत गाडी चालवली नाही.

आता आरसा. एकट्यानं बसण्यावर बाकीच्या चालकांनी हरकत घेतली: मागून येणारी गाडी याला कोण सांगणार? हॅरूननं ८ इंच बाय ३ इंचाचा आरसा चार दांड्यांवर, डोळ्यांसमोर बसवला आणि हरकत मिटली. कल्पना त्याला काही वर्षांपूर्वी शिकागोत एका घोडागाडीवर तसा आरसा पाहून सुचली होती. इंग्रज चालक डोरोथी लेव्हिट हिनंही १९०९ मध्येच, मागचं बघायला हात-आरसा जवळ ठेवा, असा छापील सल्ला दिला होता. म्हणून हॅरूनला आरशाचा जनक म्हणू नये. गाडीवर कायमचा बसवून तो शर्यतीत आणला, एवढं श्रेय त्याचं पक्कं.

आणि त्या आरशात फारसं काही दिसतच नव्हतं, हे हॅरूननं पुढे स्वतःच सांगितलं. विटांवर तो इतका थरथरायचा. याचं कारण साधं आहे. आरसा १ अंश कलला तर प्रतिबिंब २ अंश सरकतं. ५० मीटर मागच्या गाडीसाठी २ अंश म्हणजे पावणेदोन मीटर, गाडीच्या उंचीपेक्षा जास्त. ३ इंच उंचीचा आरसा डोळ्यापासून ७५ सेंटिमीटरवर धरला तर त्यात वरखाली सहा अंशांपेक्षा कमीच दृश्य मावतं. आरसा दोन्ही बाजूंना दीड दीड अंश हलला की मागची गाडी चौकटीच्या आत-बाहेर करत राहते. लांब दांड्यांवरच्या आरशाला एवढं हलायला विटांचा धक्का पुरेसा आहे.

१९१२ पासून सोबत मेकॅनिक बसवणं सक्तीचं झालं आणि एकट्याची गाडी बरीच वर्षं बाद झाली. हॅरून मॅक्सवेल कंपनीत गेला आणि शर्यतीच्या गाड्या करू लागला. इथेही तोच माणूस दिसतो. १९१४ च्या इंडियानापोलिसला त्यानं रॉकेलवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरची मॅक्सवेल उतरवली आणि बिली कार्लसननं ती नववी आणली. रॉकेलची अडचण आपल्याकडे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे शेतीपंप वापरलेल्यांना सांगायला नको. थंड इंजिनात रॉकेलची वाफ होत नाही, थेंब तसेच राहतात, अर्धवट जळतात, आणि सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेल पातळ करतात. तेल पातळ झालं की बेअरिंग जातं. म्हणून मिश्रण आधी चांगलं तापवावं लागतं. आणि रॉकेल लवकर ठोकतं, म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी पेट घेऊन खडखडतं, त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, फार वाढवता येत नाही. अशा इंधनावर ५०० मैल पुरे करणं १९११ च्या विजयाइतकंच कसलेलं काम होतं.

पुढे त्यानं मिशिगनमधल्या वेन इथे स्वतःच्या नावाची मोटार कंपनी काढली. गाडी स्वस्त होती, ५९५ डॉलरची, पण पहिल्या महायुद्धात कारखाना तोफगोळ्यांच्या कामाला लागला आणि १९२२ पर्यंत कंपनी मिटली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब वाहून नेणारा ट्रेलर त्याच्या नावावर आहे. १९ जानेवारी १९६८ रोजी इंडियानातल्या अँडरसन इथे, ८९ वर्षं पूर्ण करून तो गेला.

वॉस्प इंडियानापोलिस ट्रॅकच्याच संग्रहालयाची आहे. आरसा अजून चार दांड्यांवर उभा आहे, आणि बघणाऱ्यांची गर्दी समोरच होते. तिथे जाणं झालं तर एक चक्कर मागून मारा आणि उजव्या मागच्या चाकापाशी थांबा. वळणात सगळ्यात जास्त भार त्याच चाकावर यायचा.